छोट्या बोर्डावर सोल्डर केलेली वायर टिकत नाही: मागावरचा अडथळा, सल्ला हवा

मागवाला_पूर्वभाग
नमस्कार मंडळी. सोलापुरात अशोक चौकाच्या पुढं वडील आणि मी टॉवेलचे आठ यंत्रमाग चालवतो. कुठल्या मागावर किती काम झालं ते रोज वहीतून काढावं लागतं. म्हणून मी स्वतः एक मोजणी-यंत्र बनवलं. मागाच्या फिरत्या दांड्यावर लोहचुंबक, त्याच्यासमोर हॉल सेन्सर (चुंबक समोरून गेलं की ओळखणारा), सेन्सरपासून तीन वायरी नॅनो बोर्डाला (मोजणी करणारा छोटा कॉम्प्युटर-बोर्ड), आणि आकडा छोट्या पडद्यावर दिसतो.

घरी टेबलावर महिनाभर एकदाही चुकलं नाही. मागावर बसवलं की आठ-दहा दिवसांत वायर सुटते. परत सोल्डर करतो, परत सुटते. मागच्या आठवड्यात तर बोर्डावरची तांब्याची टिकलीच उपटून वायरीबरोबर हातात आली. आता वडील म्हणतात, वहीच बरी.

25 वॅटचं साधं सोल्डरिंग आयर्न आहे, डबीतली पेस्ट वापरतो, वायर 14/36 (36 गेजच्या 14 तारा). माझं सोल्डरिंग चुकतंय, की मागावर सोल्डर टिकतच नाही? कुणी असं काही केलं असेल तर सांगा की.

रेडिओकाका
आधी एक सांग. "सुटते" म्हणजे नेमकी कुठून? तुटलेलं टोक भिंगाखाली धरून बघ. तीन गोष्टींपैकी एक दिसेल.

वायर सोल्डरच्या गोळ्यातून अख्खी निसटली असेल आणि गोळ्यात तिचं स्वच्छ बीळ राहिलं असेल, तर सोल्डर वायरीला धरलंच नव्हतं, नुसतं भोवती गोठलं होतं. टिकली उपटली असेल तर जास्त उष्णता किंवा ओढ. आणि वायरीचा तुकडा सोल्डरमध्ये तसाच घट्ट बसलाय, पण गोळ्याच्या तोंडाशी तारा तुटल्यात, असं असेल तर तुझ्या सोल्डरिंगचा दोष नाही.

मी 34 वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले. गिऱ्हाईक नेहमी म्हणायचं "सोल्डर सुटलं". उघडून पाहिलं की निम्म्या वेळा सोल्डर जागेवर, तार तुटलेली.

गड्ड्यावरचा
रेडिओकाकांनी पहिल्याच उत्तरात निम्मा धागा संपवला. आता उरलेला धागा मागवाल्यांनीच विणावा 😀

मागवाला_पूर्वभाग
काका, आत्ता पाच तुटलेल्या वायरी घेऊन बसलो. तीन तुम्ही तिसरं सांगितलं तशा: गोळ्याच्या तोंडाशी तारा तुटलेल्या, टोकं चमकतायत. एक अख्खी निसटलेली. एक टिकलीसकट.

तारतम्य
मग तुमच्या एका प्रश्नात तीन दुखणी आहेत आणि औषधंही तीन. मोठ्यापासून सुरू करतो.

तुमची वायर म्हणजे 14 बारीक तारांची वेणी. म्हणूनच ती लवचिक असते. सोल्डर करताना वितळलेला धातू तारांच्या फटींतून इन्सुलेशनच्या खालीही चढतो, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसा. जिथपर्यंत चढला तिथपर्यंत वेणीची सळई झाली. सळई आणि वेणीच्या सीमेवर वायर प्रत्येक हादऱ्याला त्याच एका रेषेवर वाकते. पत्र्याची पट्टी एकाच जागी मागेपुढे वाकवून आपण तोडतो, तसंच.

तुमचा माग मिनिटाला साधारण किती ठोके मारतो?

मागवाला_पूर्वभाग
टॉवेलचा माग, 110 धरा.

तारतम्य
110 गुणिले 60 गुणिले 8. एका पाळीत 52,800 ठोके. आठ दिवसांत सव्वाचार लाख. वायर मोकळी लोंबत असेल तर तितक्या वेळा ती सीमारेषा वाकली. तीन वायरी तुटल्या यात नवल नाही, आठ दिवस टिकल्या हेच खूप.

म्हणून सोल्डरकडून फक्त वीज नेण्याचं काम घ्या. वायर धरून ठेवण्याचं काम दुसऱ्या कशाला तरी द्या.

चिंचोळी_एमआयडीसी
दुसरं कशाला तरी म्हणजे हॉट ग्लू. बोर्डावर गन चालवायची, वायरीसकट गोळा करायचा, विषय संपला. आमच्याकडं कितीतरी वस्तू तशाच येतात.

तारतम्य
एसीच्या खोलीतल्या वस्तूला चालेल. पण यांचे माग पत्र्याच्या शेडमध्ये आहेत. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात बाहेरच पारा 42 च्या वर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. त्या उष्णतेत तो गोंद मऊ होत नसला तरी बोर्डाच्या गुळगुळीत पृष्ठभागावरची त्याची पकड ढिली होते. त्यात मागाचं तेल. तेलकट बोर्डावर तो मुळात चिकटतच नाही, नखानं सोलून निघतो.

चिंचोळी_एमआयडीसी
तेलाचं मान्य. मग सिलिकॉन?

तारतम्य
सिलिकॉन चालेल, फक्त वास घेऊन घ्या. खिडकीला लावतात त्या साध्या सिलिकॉनला सुकताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. ते ॲसेटिक आम्ल असतं आणि ते तांब्याला खातं. बोर्डासाठी न्यूट्रल क्युअर (सुकताना हे आम्ल न सोडणारी) लिहिलेली नळी मागायची.

मी_शिकाऊ
मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एक वेगळी शंका. माझी वायर त्या "अख्खी निसटली" प्रकारात मोडते. सोल्डर गनच्या टोकावर घेतो, वायरीवर ठेवतो, छान गोळा होतो. दुसऱ्या दिवशी ओढलं की वायर बाहेर. गोळा तर चकचकीत दिसतो.

प्रयोगशाळा_ताई
तू सोल्डर टोकावरून वाहून नेतोयस, तिथंच चुकतंय. सोल्डरच्या तारेच्या पोटात राळ भरलेली असते. ती टोकावर ठेवली की राळ दोन सेकंदांत धूर होऊन जाते आणि वायरीपर्यंत पोहोचतो तो नुसता धातू. तांब्यावरचा काळपट थर काढायला मग कुणीच उरत नाही.

टोक टिकली आणि वायर दोन्हींना एकदम टेकव. मनात एक, दोन म्हण. मग सोल्डरची तार टोकाला नाही, वायर आणि टिकली भेटतात तिथं लाव. ती जागा स्वतः सोल्डर वितळवत असेल तरच ती पुरेशी तापली. आधी तार बाजूला, मग टोक बाजूला, आणि सोल्डर गोठेपर्यंत हात हलवायचा नाही. फुंकरही नको.

गोळा चकचकीत असणं पुरेसं नाही, आकार बघ. पानावरच्या दवबिंदूसारखा फुगीर, कडा आत वळलेल्या, तर धरलेलं नाही. तंबूच्या कापडासारखा खाली पसरत गेलेला आणि त्यातून वायरीचा आकार दिसतोय, तर धरलंय. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी सगळ्यांचे दवबिंदू असतात, आठवड्यात तंबू होतात.

आजीचा_वाडा
आमच्या लहानपणी बाळीवेशीत कल्हईवाला यायचा. भांडं भट्टीवर तापवायचा, त्यावर नवसागराची पूड टाकायचा, पांढरा धूर व्हायचा, मग कथील लावून कापसानं सरसर फिरवायचा. भांडं एका क्षणात चांदीसारखं. भांडं गार असताना त्यानं कथील लावलेलं कधी पाहिलं नाही. ताई म्हणतात ते हेच ना?

रेडिओकाका
अगदी हेच, वहिनी. कल्हईवाल्याचा नवसागर आणि सोल्डरमधली राळ एकाच कामाच्या. सोनार डाग देताना टाकणखार लावतो, तोही त्यासाठीच. धातू धातूला धरतो, मळाला धरत नाही.

आणि कथिलावरून आठवलं. शुद्ध कथील 232 अंशाला वितळतं, शिसं 327 ला. पण 63 भाग कथील आणि 37 भाग शिसं एकत्र केलं की मिश्रण 183 लाच वितळतं, दोघांपेक्षाही खाली. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रात्रभर झोप आली नव्हती. शिवाय 63/37 एकदम गोठतं. 60/40 मध्ये थोडा वेळ लापशीसारखी अवस्था असते, त्या वेळी हात हलला की जोड कच्चा.

घरचा_मेकॅनिक
वहिनींच्या कल्हईवरून लिहितो. माझ्या डबीतली पेस्ट नवसागरासारखीच जोरदार आहे, गंजलेल्या पत्र्यालाही सोल्डर धरतं. बोर्डालाही तीच वापरतो. चूक आहे का?

प्रयोगशाळा_ताई
आजच थांबवा. नळाच्या आणि पत्र्याच्या कामाच्या पेस्टमध्ये बहुतेकदा झिंक क्लोराईडसारखं आम्लधर्मी द्रव्य असतं. भांडं कल्हईनंतर धुतात, बोर्ड आपण धूत नाही. ते वायरीच्या तारांमध्ये, इन्सुलेशनच्या आत शिरून बसतं आणि तांबं खात राहतं. काही महिन्यांनी सोल्डरशेजारी हिरवट खरपुडी दिसली तर समजा. मागवाले, तुमच्या डबीवर काय लिहिलंय तेही बघा. राळेचीच पेस्ट हवी.

साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं, चिकट थर राहतो.

मागवाला_पूर्वभाग
डबीवर काहीच लिहिलेलं नाही. फेकली.

रेडिओकाका
आयर्नचं टोक काळं पडलं असेल तर कानशीनं घासून तांबं दिसू दे, लगेच सोल्डर चढव. मी आयुष्यभर तेच केलं.

प्रयोगशाळा_ताई
काका, इथं मी तुम्हाला अडवणार. तुमच्या काळातली टोकं भरीव तांब्याची होती, कानस चालायची. आता टोकावर लोखंडाचा पातळ मुलामा असतो. कानशीनं तो गेला की आतलं तांबं सोल्डरमध्ये विरघळत जातं आणि टोकाला खड्डा पडतो. पितळी तारेच्या गुंडाळ्यात खुपसायचं किंवा ओल्या स्पंजवर पुसायचं, आणि बंद करताना टोकावर सोल्डरचा थर ठेवायचा.

रेडिओकाका
मान्य. नवीन आयर्न घेतलं तेव्हापासून टोक दर दोन महिन्यांनी का बदलावं लागतंय ते आज कळलं. सत्तरीत शिकायला मिळालं, छान वाटलं.

दोन_मुलांची_आई
माझा मुलगा खेळण्यांच्या मोटरला वायरी सोल्डर करत बसतो. शिशाचा धूर नाकात जातो का? काळजी वाटते म्हणून विचारते.

प्रयोगशाळा_ताई
आयर्नच्या उष्णतेला शिशाची वाफ होत नाही. दिसतो तो धूर राळेचा. पण तोही फुप्फुसाला त्रासदायक, दम्याच्या माणसाला जास्तच. खिडकी उघडी, छोटा पंखा धूर बाजूला ओढेल असा. शिसं पोटात जातं ते हातावरून. त्यामुळे काम झाल्यावर साबणानं हात, टेबलावर खाणं नाही, आणि सोल्डरची तार दातात धरायची नाही. बिनशिशाचं सोल्डरही मिळतं, ते 217 ते 220 अंशाच्या आसपास वितळतं, जरा जास्त तापवावं लागतं आणि जोड मुळातच थोडा फिकट दिसतो.

गड्ड्यावरचा
मी जानेवारीत होम मैदानावर गड्डा यात्रेत तीन स्टॉलची एलईडी रोषणाई करतो. तिथं सोल्डर करतच नाही. स्क्रूचे कनेक्टर. वायर सोलायची, टोकाला सोल्डर पाजायचं, स्क्रू आवळायचा. मागवाल्यांनी तेच करावं.

चिंचोळी_एमआयडीसी
काय सांगलालाय बे! स्क्रूखाली सोल्डर पाजलेलं टोक कधीच नाही. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू सरकतं. आज घट्ट, महिन्यानं ढिलं. मागाच्या हादऱ्यावर तर स्क्रू स्वतःच फिरतो. वायरीला पिनची लग (टोकावर बसवायची धातूची टोपी) चेपून ती स्क्रूखाली घालायची.

आमच्या वायरिंगच्या लाईनवर बघा, जोड बहुतेक चेपलेले असतात. गाडीत पण तेच. आणि चेपलेल्या जोडातही दोन चिमटे असतात: पुढचा उघड्या तांब्याला, मागचा इन्सुलेशनला. मागचा चिमटा कशाला? तारतम्य यांनी वर सांगितलं त्यासाठीच. वाकणं तांब्यापर्यंत पोहोचू नये म्हणून.

गड्ड्यावरचा
म्हणजे दरवर्षी तिसऱ्या दिवशी एक पट्टी लुकलुकायला लागते ती त्यामुळं! मी बॅटरीवाल्याशी भांडायचो. पुढच्या वर्षी लग. धन्यवाद भाऊ.

मी_शिकाऊ
ताई, आज सांगितलं तसं केलं. ओढून पाहिलं, इन्सुलेशन ताणलं पण वायर निघाली नाही. तंबू झाला!

मागवाला_पूर्वभाग
सगळं वाचतोय, वहीत लिहून घेतलंय. पण माझ्या नॅनोवर करायचं नेमकं काय? बोर्ड दोन बोटांएवढा, त्याला केबल टाय अडकवायला जागाच नाही.

तारतम्य
हाच खरा प्रश्न होता, आपण सगळे फिरून आलो. नॅनोला वायर थेट जोडूच नका.

झिरो पीसीबी (नुसती भोकं आणि टिकल्या असलेला कोरा बोर्ड) घ्या, तळहाताएवढा. त्यावर नॅनो पिनांनी उभा सोल्डर करा, वीस-तीस पिना मिळून त्याला घट्ट धरतात. वायरी झिरो पीसीबीला येतील. कडेपासून सेंटिमीटरभर आत, वायर इन्सुलेशनसकट जाईल इतकी मोठी दोन भोकं शेजारी-शेजारी ड्रिलनं पाडा. वायर खालून वर काढा, शेजारच्या भोकातून पुन्हा खाली, मग टिकलीला सोल्डर. कोणी वायर ओढली तर ओढ त्या दोन भोकांवर येते, टिकलीला कळतही नाही. शिवणकामात टाका पक्का करायला सुई परत फिरवतात, तसं.

मग भोकाच्या बाहेर दोन-तीन सेंटिमीटरवर वायर केबल टायनं बोर्डाला किंवा डब्याला बांधा. टाय आणि सोल्डर यांच्यामध्ये वायर ताठ नको, थोडी ढिली, कमानीसारखी.

आणखी दोन गोष्टी. सेन्सरला जेमतेम काही मिलीॲम्पियर लागतात. 14/36 गरजेपेक्षा जाड आहे, आणि नॅनोच्या भोकात बसवताना ती कोंबावी लागते, टिकलीवर जोर येतो. 7/36 पुरे. सिलिकॉनच्या इन्सुलेशनची मिळाली तर उत्तम, तारा केसासारख्या बारीक असतात आणि आयर्न लागलं तरी साल वितळून मागं सरकत नाही.

रेडिओकाका
तारतम्यरावांच्या सांगण्यात एक भर. वायर बोर्डाला नेण्याआधी टोकाला वेगळं सोल्डर पाजून घे, पण उघड्या भागाच्या निम्म्यापर्यंतच. इन्सुलेशनच्या तोंडाशी चिमट्यानं धरलं तर चिमटा उष्णता खातो आणि सोल्डर वर चढत नाही. टिकलीलाही आधी थोडं पाजून ठेव. मग दोघांना एकत्र आणलं की सेकंदाचं काम. टिकली खालच्या गोंदावर असते, तीनदा-चारदा पाच-पाच सेकंद तापवली की तो गोंद सोडतो. तुझी टिकली त्याच कारणानं आली, एकाच जागी कितीदा सोल्डर केलंस तेच मोज.

मागवाला_पूर्वभाग
त्या जागी सहा वेळा.

आजीचा_वाडा
आणि बाळा, माग चालू असताना तिथंच उभं राहून ते तापलेलं आयर्न धरू नकोस. कापसाचे तंतू सगळीकडं असतात. पूर्व भागात कारखान्यांना लागलेल्या आगी आम्ही पाहिल्यात. बोर्ड काढून घरी ने.

मागवाला_पूर्वभाग
हो आजी. आतापर्यंत शेडमध्येच करत होतो, वडीलही ओरडले. आता घरी अंगणात टेबल टाकलंय.

मागवाला_पूर्वभाग
मंडळी, आज 23 दिवस झाले, सांगायला आलो.

तीन मागांवर झिरो पीसीबी बसवले. 7/36 वायर, वर-खाली दोन भोकं, टाय, डब्याखाली रबराचे चार तुकडे. बोर्डाच्या बाजूची एकही वायर तुटलेली नाही. वडील संध्याकाळी आधी पडदा बघतात, मग वही उघडतात. दोन्हींचा आकडा जुळला की काही बोलत नाहीत, नुसतं हं म्हणतात.

एका मागावर मात्र काल पुन्हा बंद पडलं. सेन्सरच्या बाजूला, तिथल्या पायाशी वायर तुटली. ते टोक मी मोकळंच सोडलं होतं. माझं सगळं लक्ष नॅनोकडं होतं.

रेडिओकाका
फोटो पाहिला. सेन्सरचे तिन्ही पाय उघडे आहेत. प्रत्येक पायावर वेगळी श्रिंक नळी (तापवली की आवळून बसते ती), मग तिघांवर मिळून एक मोठी नळी, ती वायरीच्या इन्सुलेशनवर दोन सेंटिमीटर यायला हवी. नंतर सेन्सर आणि वायर दोन्ही एकाच पट्टीला बांध, म्हणजे हादरा बसला तरी दोघं बरोबर हलतील. पाय वाकवायचे असतील तर अगदी मुळापाशी नको, चिमट्यानं मुळाशी धरून पुढं वाकव.

नळी नसेल तर माझ्याकडं चार मापांच्या आहेत. रविवारी सकाळी ये.

मागवाला_पूर्वभाग
येतो काका. उरलेले पाच बोर्ड पण घेऊन येतो, सोल्डर करायच्या आधी एकदा तुमच्या नजरेखालून घालू.

मी_शिकाऊ
काका, मी पण येऊ का?

रेडिओकाका
ये की. स्वतःचं आयर्न आण, माझ्याकडं प्लग दोनच आहेत. एक्स्टेन्शन बोर्ड पण आण.